भुंगा, निळी वेल आणि मागची भिंत

कार्तिकातल्या एका रात्री फोंड्याजवळच्या एका देवळात कीर्तन होतं. बुवांनी भुंग्याचा दृष्टांत लावला. तोच, आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेला. कोरडं, टणक लाकूड पोखरणारा भुंगा संध्याकाळी कमळात अडकतो, आणि ती कोवळी पाकळी मात्र फोडत नाही. का? तर प्रेम! बुवांनी तो शब्द असा काही लांबवला की माझ्या शेजारच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसलो होतो. समोर कुंपणावर निळी वेल आहे. शास्त्रीय नाव थनबर्जिया ग्रँडिफ्लोरा, मूळची ईशान्येकडची, पण आता गोव्यात घरटी एक तरी दिसते. फिकट जांभळी, तळहाताएवढी, पसरट तोंडाची फुलं. एक भुंगा आला. काळाकुळकुळीत, अंगठ्याच्या पेराएवढा. एवढं रुंद दार उघडं असताना तो तिकडे फिरकलाच नाही. सरळ फुलाच्या पाठीमागे गेला, नळीच्या बुडाशी बसला, डोकं टेकवलं आणि पाच-सात सेकंदांत उडाला. मी उठून फूल तोडून पाहिलं. नळीला एक बारीक, स्वच्छ चीर होती. ब्लेडनं मारावी तशी.

बुवांचा भुंगा पाकळी फोडत नाही. माझ्याकडचा रोज सकाळी फोडतो.

बुवांना दोष द्यायचा नाही. दृष्टांत हा दृष्टांत असतो, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. कमळ रात्री मिटतं, आत कीटक राहतात. पण त्यांना थांबवण्यासारखं आत काहीतरी आहे. १९९६ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथल्या वनस्पती उद्यानात मोजमाप झालं, तेव्हा बाहेरची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी कमळाचं फूल आतून ३० ते ३६ अंश सेल्सिअस राहत असल्याचं दिसलं. फूल स्वतःची साठवलेली ऊर्जा जाळून उष्णता तयार करतं आणि ती नियंत्रितही करतं. थंड रक्ताच्या कीटकाला रात्रभर फुकटची ऊब मिळत असेल तर तो दार फोडून बाहेर कशाला पडेल?

आमच्या बलकांवाच्या वाशांना जी गोल भोकं पडली आहेत, ज्यातून खाली भुस्सा सांडतो आणि आई रोज करवादते, ती याच भुंग्याची. झायलोकोपा हे त्याच्या गटाचं नाव. नर भुणभुण करत अंगावर येतो, पण त्याला नांगीच नसते. मादी लाकडात घर करते. हा भुंगा म्हणजे मधमाशीचाच धिप्पाड नातेवाईक. आमच्या वाड्यावर एक समज आहे, भुंगा तीन दिवस लागोपाठ घरात शिरला की कुणीतरी गेलेलं माणूस निरोप घेऊन आलंय. निरोप एवढाच असतो की वासा सुकलाय, रंग उडालाय, आणि पोखरायला चांगला आहे.

तर, फुलाचा व्यवहार. शाळेत शिकलेलं थोडं आठवून घेऊ. फुलाला जागचं हलता येत नाही. त्याचे परागकण दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पोचायला हवेत. त्यासाठी ते हमाल लावतं आणि हमाली मकरंदात देतं. मकरंद म्हणजे मुख्यतः साखरेचं पाणी, पण हे पाणी झाडाला फुकट मिळत नाही. पानांनी उन्हात राबून केलेली साखर त्यात ओतलेली असते. म्हणून फुलाची रचना अशी असते की मजुरी घ्यायला येणाऱ्याच्या पाठीला, डोक्याला किंवा पोटाला पराग लागलेच पाहिजेत. दार, व्हरांडा, मधे उभे पुंकेसर, आणि सगळ्यांत आत तिजोरी. तिजोरीपर्यंत जायचं तर पुंकेसरांना घासूनच.

मागच्या भिंतीला भोक पाडलं की हा सगळा हिशेब कोलमडतो. मजुरी गेली, काम झालंच नाही.

ही चोरी माणसाच्या नजरेला पडली त्याला सव्वादोनशे वर्षं होऊन गेली. जर्मनीतल्या ख्रिस्तियान श्प्रेंगेलनं १७९३ साली फुलं आणि कीटक यांच्या नात्यावर लिहिलं, त्यात तिची नोंद आहे. डार्विननं १८४१ मध्ये, म्हणजे उत्क्रांतीवरचं त्याचं मोठं लेखन यायच्या कितीतरी आधी, बागकामाच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं होतं. विषय होता बंबलबी. थंड प्रदेशातल्या या जाड केसाळ माश्या फुलांच्या नळ्यांना भोकं कशी पाडतात, याचं त्याला नवल वाटलं होतं. पुढे १९८० मध्ये डेव्हिड इनोये या अमेरिकी शास्त्रज्ञानं या चोरांची नीट प्रतवारी लावली. भिंत फोडणारे, ते घरफोडे. दुसऱ्यानं पाडलेल्या भोकातून आयता मकरंद पिणारे, ते त्यांच्या मागून येणारे. आणि समोरच्या दारानं येऊनही अंगानं इतके बारीक की पराग त्यांना शिवतच नाहीत, ते भुरटे. आपल्याकडच्या मुंग्या बऱ्याचदा या तिसऱ्या प्रकारात मोडतात. जास्वंदीच्या बुडाशी चोच घालणारा शिंजीर तुम्ही पाहिला असेल. दिसायला कितीही गोड असला तरी त्या क्षणी तो पहिल्या नाहीतर दुसऱ्या यादीतला.

मग फुलाचं नुकसान होतं का? याचं उत्तर सरसकट 'हो' नाही. कोलोरॅडोच्या डोंगरात एक लाल नळीचं रानफूल आहे, हमिंगबर्ड त्याचे परागवाहक. रेबेका अर्विन आणि अ‍ॅलिसन ब्रोडी यांनी १९९९ मध्ये दाखवलं की बंबलबींनी जास्त फोडलेल्या झाडांकडे हमिंगबर्ड पाठ फिरवतात. अशा झाडांची बी धरण्याची आणि पराग दुसरीकडे पोचवण्याची, दोन्ही बाजूंची कमाई जवळपास निम्म्यानं घटली. पण काही फुलांत याच्या उलटही घडतं. तिजोरी रिकामी सापडली म्हणून खरा परागवाहक चिडून दूरच्या झाडावर जातो, आणि पराग लांबवर पोचून उलट फायदाच होतो. चोर हा नेहमीच शत्रू असतो असं नाही.

पण जिथे नुकसान होतं, तिथे निवड सुरू होते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण हल्ली फोनवर 'झाडं विचार करतात', 'झाडं योजना आखतात' असले व्हिडिओ फार फिरतात. त्याच्याच जोडीला आइन्स्टाइनच्या नावावर खपवलेलं ते मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल हे वाक्य. आइन्स्टाइन असं म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही. आणि निळ्या वेलीनं कधी कसली योजना आखलेली नाही. शंभर झाडांतल्या काहींच्या फुलांची नळी योगायोगानं जरा जाड होती, तिथे भोकं कमी पडली, बी जास्त धरली, आणि पुढच्या पिढीत जाड नळीची झाडं जास्त निघाली. हजारो पिढ्या हेच. एवढ्या साध्या चाळणीतून जे काय काय निघालंय, ते विचार करून सुचणं अवघड होतं.

सोपे उपाय भराभर सांगतो. बुडाशी निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं हिरवं आवरण, जाड आणि लांब करणं, म्हणजे सुरी आतपर्यंत पोचणार नाही. देठावर, कळीवर चिकट ग्रंथी ठेवणं. चित्रकाची फुलं तोडताना बोटांना जो चिकटा लागतो तो याच जातीचा. कुंपणांवर माजणारी कृष्णकमळाची ती रानटी बहीण घ्या, जिच्या कळीभोवती हिरवं जाळं असतं. त्या जाळ्याच्या टोकांवर चिकट थेंब असतात आणि त्यांत बारके किडे अडकून मरतात. रस्त्याकडेची पिचकारी, म्हणजे स्पॅथोडिया, तर माझं लहानपणचं खेळणं. तिची कळी दाबली की पाणी उडतं. ते पाणी पावसाचं नसतं, कळी स्वतः ते आत सोडते आणि पाकळ्या त्या पाण्यात बुडून वाढतात. जाव्हातल्या बाउटेनझोर्ग (आजचं बोगोर) इथल्या प्रसिद्ध उद्यानाचे संचालक मेल्खिओर ट्रॉइब यांनी १८८९ मध्ये यावर लिहिलं. हे पाणी कळीचं राखण करतं हे मात्र प्रयोगानं दिसलं २००७ मध्ये, मध्य अमेरिकेतल्या एका वेगळ्याच झाडावर. कळ्यांचं पाणी काढून टाकलं तर एका बारक्या पतंगाच्या अळ्या त्यांचं जास्त वाटोळं करतात. हे चोराविरुद्ध नाही, कळी खाणाऱ्याविरुद्ध आहे, म्हणजे विषयाला थोडं सोडून. पण पिचकारीचा उल्लेख टाळणं मला जमणार नव्हतं.

याहून चलाख उपाय म्हणजे मजुरीतच थोडं विष कालवणं. अमेरिकेतल्या युटा राज्यात एक रानटी तंबाखू उगवते. तिच्या मकरंदात निकोटिन असतं. २००८ मध्ये डॅनी केसलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या झाडाची निकोटिन बनवणारी जनुकं बंद करून अशी झाडं उघड्या रानात लावली. फुलं खाणारे आणि मकरंद चोरणारे, दोघेही वाढले. पण खरी गंमत पुढे आहे. त्यांनी काही झाडांचा वासही बंद केला होता. सर्वांत जास्त बी धरली ती वास आणि निकोटिन दोन्ही असलेल्या झाडांनी. वासानं बोलवायचं, कडूपणानं फार वेळ बसू द्यायचं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कोरफडीचा मकरंद तर काळपट आणि कडू असतो. मधमाश्या आणि शिंजीर त्याला तोंड लावत नाहीत. बुलबुल मात्र खुशाल पितात, आणि परागही तेच नेतात. गोव्यानं बुलबुलाला राज्यपक्षी केलं त्यामागे हे कारण नसणार, पण कळल्यावर मला बरं वाटलं.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, तिकडे येतो. निळ्या वेलीच्या फुलाच्या बुडाशी दोन हिरवी पानासारखी झाकणं असतात. कळी असताना ती कळीला पुरती मिठी मारतात, फूल उमललं तरी नळीच्या बुडाशी तशीच राहतात. भिंगातून पाहिलं तर त्यांच्या बाहेरच्या अंगावर बारीक ग्रंथी दिसतात, आणि त्या ग्रंथींवर मुंग्या. फुलाच्या बाहेर, मागच्या भिंतीवर, परागकणांशी काडीचाही संबंध नसलेल्या जागी, झाडानं साखर ठेवलेली असते. आमच्याकडे प्रत्येक वाड्याला एक राखणदार असतो आणि त्याला ठरलेला मान द्यावा लागतो, नाहीतर तो रागावतो असं म्हणतात. वाड्यावरच्या राखणदाराचं मला माहीत नाही. फुलाचा राखणदार मात्र खराच मान घेतो, आणि मान चुकला तर खरंच निघून जातो.

बाउटेनझोर्गच्याच उद्यानात काम करणाऱ्या विल्यम बर्क या डच शास्त्रज्ञानं १८९१ मध्ये हे मांडलं: फुलाबाहेरच्या या मकरंदग्रंथी मुंग्यांना बुडाशी बसवून ठेवतात, आणि मुंग्या भिंत फोडायला आलेल्या भुंग्याला पळवतात. फुलाबाहेर मकरंद सोडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. चार हजारांच्या घरात वनस्पतींच्या जातींमध्ये, शंभराहून जास्त कुळांमध्ये ते आढळलंय. एरंडाच्या पानाच्या देठावरचे मणी पाहा. चवळीच्या शेंगांच्या दांड्यावर पाहा. घोसाळ्याच्या वेलीवर मुंग्या का फिरतात ते पाहा. आणि काजू! आपल्या काजूलाही पानांवर आणि मोहरावर अशा ग्रंथी असतात. म्हणून काजूच्या झाडावर हुमले रमतात. तांबडे, लांब पायांचे, चावले की डोळ्यांतून पाणी काढणारे मुंगळे, ते हुमले. गेल्या वर्षी शेजारच्या बागेतला एक गडी मला विचारत होता, "सर, हुमल्यांना औषध मारू का? तोडणीला त्रास देतात." मी म्हटलं, तोडणीला त्रास देतात तसाच तो मोहर सुकवणाऱ्या ढेकण्यालाही देतात. त्याला पटलं नाही. चावा त्याला बसत होता, मला नाही.

पण राखणदार ठेवणं म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. मुंगी स्वतः मकरंदाची चटोर. तिला पंख नाहीत, ती एकाच झाडावर चालत फिरते, म्हणून ती पराग दुसऱ्या झाडावर नेण्याची शक्यता नगण्य. त्यात अनेक मुंग्यांच्या छातीच्या मागच्या भागात एक ग्रंथी असते. तिच्यातून जंतुनाशक रस पाझरतो आणि मुंगी तो अंगभर लावून घेते. वारुळातल्या दमट अंधारात बुरशीपासून वाचायचं तर हे लागतंच. पण तोच रस परागकणांना मारतो. अँड्र्यू बीटी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं. गंमत म्हणजे हुमल्यांना ही ग्रंथी नसते. ते झाडावर पानं शिवून राहतात, जमिनीतल्या ओल्या वारुळात नाहीत. हुमल्यांचा धोका वेगळाच. ते समोरच्या दाराशी येऊन बसले तर मधमाशीच दचकून परत जाते.

म्हणजे राखणदार हवा, पण फक्त मागच्या भिंतीवर, आणि दाराशी अजिबात नको. हे जमवायचं कसं?

टांझानियातल्या एका बाभळीनं ते वासानं जमवलंय. पॅट विल्मर आणि ग्रॅहम स्टोन यांनी १९९७ मध्ये पाहिलं की या बाभळीवर राहणाऱ्या तिखट मुंग्या ताज्या फुलांकडे फिरकत नाहीत. पराग मोकळे होण्याच्या सुमारास फूल मुंग्यांना नकोसा वाटणारा वास सोडतं. मधमाश्यांना त्याचं काही वाटत नाही. फूल शिळं झालं, काम उरकलं, की वास ओसरतो आणि मुंग्या पुन्हा तिथे गस्त घालतात, आता वाढणाऱ्या बियांसाठी. राखणदाराला काही तास 'बाजूला हो' म्हणायचं आणि मग परत बोलवायचं.

सिंगापूरमध्ये हिशेब आणखी गुंतागुंतीचा निघाला. तिथे मेलॅस्टोमा नावाच्या जांभळ्या फुलांच्या झुडपावर हुमले असतात, आपलेच, त्याच जातीचे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की हुमले बारक्या माश्यांना पळवून लावतात. या माश्या मजुरी घेतात आणि काम कमी करतात. पण मोठा भुंगा, झायलोकोपा, हुमल्यांना भीक घालत नाही, आणि त्या फुलाचा उत्तम परागवाहक तोच आहे. म्हणजे माझ्या कुंपणावर जो घरफोडा, तोच तिकडे सर्वांत प्रामाणिक मजूर. आणि निळ्या वेलीच्या बाबतीतही हेच खरं. त्या पुंकेसरांना ढकलून, बुडाच्या केसाळ झडपेतून तोंड घालायला भुंग्याएवढी ताकदच लागते. समोरून आला तर तो तिचा योग्य परागवाहक, मागून आला तर चोर. चोर ही जात नसते. तो कुठल्या दारानं आला त्यावर ते ठरतं.

इथवर सगळं दिसणारं होतं. आता जरा साखरेत शिरू. मी रसायनशास्त्र शिकवतो, तेव्हा हे टाळता येणार नाही. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद ओलांडावेत.

राखणदाराला ठेवलेल्या साखरेलाही चोर असतात. झाडानं बाहेर उघड्यावर साखर ठेवली की ती कुणीही खाईल. राखण न करणाऱ्या ऐदी मुंग्यासुद्धा. मेक्सिकोतली शिंगकाट्यांची बाभूळ पोकळ काट्यांत मुंग्यांना घर देते आणि मुंग्या तिचं राखण करतात. डॅनियल जॅन्झन यांनी १९६६ मध्ये हे नातं प्रयोगानं दाखवलं होतं. पण बाभळीच्या ग्रंथींवरची साखर या राखणदारांनाच कशी मिळते, बाकीच्यांना का नाही, हे कोडं २००५ मध्ये मार्टिन हाइल यांच्या गटानं सोडवलं.

आपली रोजची साखर, सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. शरीराला ती वापरायची तर आधी जोडी फोडावी लागते, आणि त्यासाठी एक विकर लागतं, इन्व्हर्टेज. हे काम तुम्ही घरी केलंय. मिठाईचा पाक करताना लिंबू पिळतात, म्हणजे पाक साखरत नाही. लिंबाच्या आम्लात आणि उष्णतेत थोडं सुक्रोज फुटतं आणि मिश्रणाचे खडे धरत नाहीत. इन्व्हर्टेज हेच काम गार असतानाच, आणि कितीतरी वेगानं करतं. नावाचा किस्सा छान आहे. ध्रुवीकृत, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश सुक्रोजच्या द्रावणातून सोडला तर त्याचं प्रतल उजवीकडे वळतं, विशिष्ट भ्रमण अधिक ६६.५ अंश. जोडी फुटली की ग्लुकोज अधिक ५२.७ आणि फ्रुक्टोज उणे ९२. दोन्ही समसमान, म्हणजे बेरीज-भागाकार करून उणे २० च्या आसपास. उजवीकडचं वळण डावीकडे उलटलं, म्हणून 'इन्व्हर्ट'. हे वळण मोजणाऱ्या पोलारीमीटरमधून ते पहिल्यांदा पाहताना माझ्या वर्गातली मुलंही फोन खाली ठेवतात.

तर मेक्सिकोतल्या त्या बाभळीच्या ग्रंथीतून मकरंदासोबत इन्व्हर्टेजही बाहेर येतं आणि बाहेर आल्यावर सुक्रोज फोडून टाकतं. ताटात उरतात फक्त ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. बहुतेक मुंग्यांना सुक्रोज आवडतं, त्या या मकरंदाला फारशा भुलत नाहीत. राखणदार मुंग्या मात्र यावरच खूश, कारण त्यांच्या शरीरात इन्व्हर्टेज काम करत नाही. त्यांना फोडलेली साखरच लागते. इथवर 'छान जुळलंय' म्हणून थांबता आलं असतं. पण मग हाइल यांच्या गटाला प्रश्न पडला की या मुंग्यांमध्ये इन्व्हर्टेज मुळातच नाही, की आहे आणि बंद पडलंय?

२०१४ मध्ये उत्तर मिळालं. अळ्यांमध्ये इन्व्हर्टेज व्यवस्थित चालतं. नुकत्याच बाहेर पडलेल्या प्रौढ मुंगीतही असतं. ती बाभळीच्या मकरंदाचा पहिला घोट घेते, आणि त्या मकरंदातलं काइटिनेज नावाचं दुसरं प्रथिन तिचं इन्व्हर्टेज बंद पाडतं. त्यानंतर बाहेरची साधी साखर तिला पचत नाही, बाभळीचीच पचते. दुसरीकडे नोकरी शोधायची वाटच बंद. पगारातच अशी कलम घातलेली नोकरी मी माणसांतही पाहिली आहे, पण ते असो.

लक्षात घ्या, निळी वेल असलं काही करते असं मी म्हणत नाही. तिचे राखणदार मोकळे आहेत, आज आहेत, उद्या नाहीत. माझ्या कुंपणावर ज्या फुलांच्या बुडाशी मुंग्या ठाण मांडून असतात तिथे चिरा कमी दिसतात, पण हे नुसतं पाहणं आहे, प्रयोग नव्हे. वेल आमच्याकडे पाहुणी आहे, मुंग्या स्थानिक, आणि भुंगा तर आमच्याच वाशातला. आपला मुलूख सोडून आल्यावरही तिचा हा व्यवहार गोव्यात चालतो, हेच मला जास्त थक्क करतं. साखरेला भाषा लागत नाही.

परवा मी घरीच एक प्रयोग करून पाहिला. साधा साखरेचा पाक एका फणसाच्या पानावर, आणि लिंबू घालून बराच वेळ उकळलेला, मग चिमूटभर खायचा सोडा घालून आंबटपणा मारलेला पाक दुसऱ्या पानावर. दोन्ही पानं हुमल्यांच्या वाटेवर, आंब्याच्या बुंध्याशी. माझा अंदाज असा की हुमले बाभळीच्या गड्यांसारखे बांधलेले नाहीत, तेव्हा दोन्हीकडे जातील, कदाचित साध्या पाकाकडे थोडे जास्त. पहिल्या दिवशी आईनं दोन्ही पानं केर म्हणून झाडून काढली. दुसऱ्या दिवशी मी स्टूल टाकून राखणीलाच बसलो. हुमल्यांची पहिली रांग खोडावरून निम्मी उतरली असेल, तोवर कुठल्याशा फटीतून बारक्या काळ्या मुंग्या आल्या आणि दोन्ही पानं चाटूनपुसून लख्ख करून गेल्या.